इराणचे राष्ट्राध्यक्ष आणि आमची गावकी

ज्या माणसाला मी कधी भेटलो नाही, ज्याची भाषा मला येत नाही आणि ज्याच्या देशात मी पाऊलही ठेवलं नाही, त्याच्या राजकीय कारकिर्दीवर मी चौदा वर्षं प्रबंध लिहीत होतो. इराणमध्ये सुधारणांचं वारं सुटलं होतं, त्या काळातले ते राष्ट्राध्यक्ष. मी रोह्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो आणि राहायचो पेण तालुक्यातल्या आमच्या गावात. सकाळी पेणहून रोह्याची गाडी पकडायची आणि मांडीवर इराणची राज्यघटना उघडून बसायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. नागोठण्याला चढणारा एक भाजीवाला मला दर आठवड्याला विचारायचा, "काय सर, अजून पास नाय झालात?"

इराणच का, हा प्रश्न मला बायकोनेही विचारला होता. खरं उत्तर असं की मी मार्गदर्शकांकडे गेलो तेव्हा माझ्या डोक्यात रायगडच्या ग्रामपंचायती होत्या. ते म्हणाले, त्यावर ढिगाने प्रबंध पडलेत, जरा लांबचा विषय घ्या. मी सांगितल्यापेक्षा जास्तच लांब गेलो. घराशेजारच्या ग्रामपंचायतीची पायरी न चढता मी थेट तेहरानला पोचलो, आणि तेही पेणच्या वाचनालयातल्या टेबलावरून.

त्यांची गोष्ट थोडक्यात अशी. ते स्वतः धर्मगुरूच, पण वाचणारे, हसऱ्या चेहऱ्याचे, सगळ्यांशी संवाद करू म्हणणारे. प्रस्थापितांच्या उमेदवाराला हरवून ते प्रचंड मतांनी निवडून आले. बायकांनी आणि तरुण पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण त्या देशात लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाच्या आणि संसदेच्याही वर न निवडलेल्या मंडळींची एक परिषद असते, आणि तिला न आवडलेला कायदा होत नाही. वर्तमानपत्रं सुरू झाली आणि बंद पडली. त्यांच्या नावाने घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्यांनी मार खाल्ला. ते पुन्हा निवडून आले, पुन्हा हसले. शेवटी स्वतःचे अधिकार वाढवणारं आणि परिषदेचे कमी करणारं अशी दोन विधेयकं त्यांनी मांडली. परिषदेने ती फेटाळली आणि त्यांनी ती मुकाट परत घेतली. मुदत संपली, नंतर कडक माणूस आला.

माझ्या प्रबंधाचं सहावं प्रकरण त्या माघारीवर होतं. त्यात मी त्यांना अजिबात सोडलं नव्हतं. हा माणूस त्याच मंडळींतला, त्यांच्यासारखाच झगा घालणारा, त्यामुळे त्यांच्यापुढे ताठ उभं राहणं त्याला जमलं नाही, असं मी ठणकावून लिहिलं होतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या जागी असता तर?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "मी माघार घेतली नसती." परीक्षक नुसते हसले. ते कौतुकाने हसले असं मी बरीच वर्षं समजत होतो.

निवृत्त झालो आणि गावच्या सरपंचपदाची निवडणूक लागली. तरुण पोरं घरी आली. "सर, तुम्ही उभं राव्हा. शिकलेला माणूस पायजे." मी दोन दिवस नाही नाही म्हणालो, तिसऱ्या दिवशी दाढी कोरून घेतली. बायकोने ते लगेच ओळखलं. माझ्या टेबलावर राष्ट्राध्यक्षांचा फोटो असायचा आणि त्यातली दाढी तशीच होती. निवडून आलो. सगळ्यात जास्त मतं बायकांची पडली असं पोरांनी सांगितलं आणि मी इतका फुगलो की सत्काराच्या भाषणात संवाद हा शब्द किती वेळा आला ते मलाच आठवत नाही. मागे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय गो, ह्यो पाण्याचा नळ कवा देनार, त्ये सांगत नाय काय?"

आता गावकीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे सरपंच लोक निवडतात, पण गावकीतल्या जाणत्यांना कोणी निवडत नाही. घराण्यातला मोठा पुरुष देवळाच्या सभामंडपात आपल्या घराण्याच्या ठरलेल्या जागी बसतो, झालं. पालखी कुठून जाणार, लग्नाला कोण उभं राहणार, कोणाची चूक पोटात घालायची आणि कोणाला वाळीत टाकायचं, हे तिथे ठरतं. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो शब्द हल्ली कोणी उच्चारत नाही. नुसतं बोलणं बंद होतं.

मी चौदा वर्षं न निवडलेल्या परिषदेवर लिहिलं. माझ्या घरापासून पन्नास पावलांवर ती दर अमावस्येला बसत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. याला विद्वत्ता म्हणतात.

माझ्या धाकट्या चुलतभावाच्या बायकोशी गावाने मी सरपंच होण्याआधी वर्षभर बोलणं बंद केलं होतं. भाऊ डोलवीला कंपनीत कंत्राटावर, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. भात निघालं की त्यांच्या एका तुकड्यात वाल लावतात. त्या शेताकडे जाणारी पायवाट गावकीच्या प्रमुखांच्या पुतण्याने कुंपण घालून बंद केली. भावाची शिफ्ट होती, म्हणून भावजय स्वतः गावकीच्या बैठकीत गेली आणि पुरुषांच्या ओळीत, आमच्या घराण्याच्या जागेवर बसली. "वाट माझी बंद झालीय, तर मीच सांगनार ना," म्हणाली. वाटेचं राहिलं बाजूला. बाईमाणूस बैठकीत बसलं याबद्दल तिने देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करावी असं ठरलं. तिने नारळ ठेवला नाही. मग गिरणीत गेली की वीज नसायची, दुकानात गेली की माल संपलेला असायचा. लावणीला एकमेकांकडे जायची आमच्यात रीत आहे, तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. सगळ्या गावाची लावणी उरकल्यावर ती आणि तिची मुलगी दोघी चिखलात वाकलेल्या मी गाडीला जाताना पाहिलं होतं. मी छत्री सावरत पुढे गेलो होतो, कारण त्या दिवशी पहिला तास माझा होता.

सरपंच झालो त्याच महिन्यात ती माझ्याकडे आली. मुलीचं लग्न ठरलं होतं, पलीकडे खांब गावचं स्थळ, माणसं चांगली. ती उंबऱ्याशीच उभी राहिली.

"दादा, मांडव माझ्या दारात पडला पायजे. पेणला हॉल घ्यायचा नाय मला. पोरगी ह्या गावची हाय."

आमच्या गावात लग्नाची मुहूर्तमेढ रोवायला पाच घरांचे हात लागतात. पाच घरं आली नाहीत तर मांडव दारात पडत नाही, मग लोक तालुक्याला हॉल घेतात आणि कारण कोणी विचारत नाही. तिला तेच नको होतं.

"तुम्ही सरपंच हाव. पोलिसात तक्रार द्या. कायदा हाय म्हणतात."

मी तिला बसायला सांगितलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि संवादावर व्याख्यान दिलं. तक्रारीने माणसं तुटतात, चर्चेने जोडली जातात, मी गावकीशी बोलतो. तिने सगळं ऐकून घेतलं. "मांडव दारात पडेल ना पन?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "माझा शब्द आहे."

अमावस्येला मी सभामंडपात गेलो. खुर्ची मागवून समोर बसायचं आणि सरपंच म्हणून बोलायचं, असं घरून ठरवून निघालो होतो. पण गावकीचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी मला दारातच हाताला धरलं. या माणसाने मला तळ्यात पोहायला शिकवलं आणि माझ्या वडिलांना खांदा दिला. ते म्हणाले, "ये, ये. तुझ्या बापाची जागा रिकामी हाय कवापासून." तिसऱ्या खांबाजवळची ती जागा. मी जाऊन मांडी घालून बसलो. वडिलांच्या जागी बसताना ऊर भरून आला, हेही कबूल करतो.

मग तबक फिरलं. पानसुपारी. माझ्यासमोर आलं, मी नमस्कार करून विडा उचलला आणि तोंडात टाकला. सभ्यपणाची गोष्ट आहे, समोर आलेलं तबक परत कसं करायचं?

आमच्या गावकीत ज्याने विडा घेतला त्याने बैठकीचा निर्णय आधीच मान्य केलेला असतो. ज्याला मान्य नसेल तो तबकाला हात लावत नाही आणि उभा राहून बोलतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. इराणच्या परिषदेत कोण बसतं, कोणाची नेमणूक कोण करतं हे मला तोंडपाठ होतं, आणि आमच्या विड्याचा नियम मला सुपारी चावताना आठवला. तोपर्यंत रस घशाखाली उतरला होता.

तरी मी बोललो. संस्कृती, परंपरा, बदलता काळ, सगळं बोललो. मंडळींनी माना डोलावल्या. मग काका म्हणाले, "सर बोलले ते बरोबर हाय. तिने नारळ ठेवावा, मांडवाला आम्ही पाच नाय, पंधरा घरं येतो." माझ्या तोंडात पान होतं. 

घरी येताना माझ्या डोक्यात एक युक्ती आली. ती त्या वेळी मला इतकी हुशारीची वाटली की मी वाटेतच हसलो. भावजय नारळ ठेवणार नाही. गावकी नारळाशिवाय हलणार नाही. मग नारळ तिने ठेवला पाहिजे असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी दुपारी, देऊळ मोकळं असताना, मी पेणच्या बाजारातून आणलेला चांगला पाणीदार नारळ देवापुढे ठेवला आणि गुरवाला सांगितलं, "भावजयीच्या नावाने आहे. तिला यायला संकोच वाटतो." गुरवाने तो फोडला. संध्याकाळी खोबऱ्याचे तुकडे तिचं घर सोडून घरोघर गेले. माझ्याही घरी आला. मी खाल्ला.

तिला मी सांगितलं, "गावकीने मानलं. चर्चेने झालं." ती माझ्या पाया पडली. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

मुहूर्तमेढीला खरोखर पंधरा घरं आली. बांबू आले, आंब्याचे टहाळे आले, गिरणीत वीज आली. वर्षभर ज्या बायका रस्त्यात तोंड फिरवत होत्या त्या तिच्या अंगणात बसून तांदूळ निवडायला लागल्या. त्याच आठवड्यात रोह्याच्या कॉलेजाने मला निवृत्त प्राध्यापक म्हणून व्याख्यानाला बोलावलं, आणि विषयही माझाच दिला. मी असा रंगलो होतो की विचारू नका. अध्यक्षांचं जिथे चुकलं तिथे स्थानिक पातळीवर काय करता येतं, याचं एक उदाहरण मी, गावाचं नाव न घेता, मोठ्या खुबीने सांगितलं. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, ज्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी मार खाल्ला, त्यांना त्यांनी विधेयकं मागे घेण्याआधी विचारलं होतं का?"

मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे, पण उपलब्ध साधनांत याची नोंद नाही. मग गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. गाडीला अजून दीड तास होता. मी फलाटावर बसून राहिलो आणि मला काही वाचवेना.

लग्न छान झालं. अक्षता पडल्या, जेवणावळी बसल्या. भावजय वाढत होती. वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज मोठा ऐकू येत होता, "घ्या ना, अजून घ्या," असा. काका जेवून उठले, हात धुतले, आणि खांबच्या व्याह्यांच्या देखत तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "चुकली व्हती पोर. पन देवापुढं नारळ ठेवून नमली. गावाने पोटात घातलं."

तिच्या हातात वरणाची बादली होती. तिने ती खाली ठेवली नाही. पंगत पूर्ण वाढली, मुलीची पाठवणी केली, खांबची गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. मी तिच्या समोर जाणं टाळत होतो. एकदा तर मांडवाच्या मागे जाऊन पाण्याच्या टाकीची तोटी तपासत उभा राहिलो. तोटी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. या वेळी आत येऊन बसली.

"नारळ कोनी ठेवला, दादा?"

"मी."

"मला इचारलं व्हतं?"

"नाही."

"मंग माझ्या नावाने का ठेवलात? तुमच्या नावाने ठेवायचा व्हता. विडा तर तुम्ही खाल्लात."

म्हणजे तेही तिला कळलं होतं. मी म्हणालो, तुझ्या मुलीसाठी केलं, तुझा मांडव दारात पडला, शेवटी गोड झालं ना सगळं. हे बोलताना माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. असं बोलणाऱ्या माणसावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

ती म्हणाली, "एक वरीस मी दळन पेणवरून आनलं. पोरीने हाताची कातडी जाईस्तोवर लावनी केली. नारळ ठेवायचाच असता तर पयल्या दिवशी ठेवला असता ना मी. मला ठेवता येत नव्हता काय?" आणि ती रडली. वर्षभरात तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला ज्या दिवशी जिंकून दिलं म्हणत होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओटीवर रडत होती. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

त्याच संध्याकाळी ती काकांच्या अंगणात उभी राहून मोठ्याने सांगून आली की नारळ तिचा नव्हता, तिने चूक कबूल केलेली नाही, आणि वाट अजून बंद आहे. दुसऱ्या दिवशी गिरणीतली वीज पुन्हा गेली. मांडव उतरवायलाही कोणी आलं नाही. भावाने आणि तिने दोघांनीच बांबू सोडले.

आणि माझं काय झालं? मला वाटलं आता माझंही बोलणं बंद होणार. मी मनाची तयारी केली, पेणहून पंधरा दिवसांचं पीठ आणून ठेवलं. काहीच झालं नाही. दुकानदाराने नेहमीसारखा नमस्कार केला. काका रस्त्यात भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको. तू आपला मानूस." मला वाळीत टाकण्याइतकंही त्यांनी मला मोजलं नाही. आणलेलं पीठ आम्ही बरेच दिवस खात होतो.

आठ दिवसांनी भावजय दारात रिक्षा घेऊन उभी राहिली. भाऊ शिफ्ट बदलून घेऊन पुढे बसला होता. "तक्रार द्यायला चाललोय," ती म्हणाली. "येनार असाल तर चला. नाय आलात तरी मी जानार." मी चप्पल घातली. रिक्षा निघाली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. सरपंच या नात्याने मी या भगिनीच्या पाठीशी, वगैरे.

पेणला पोलीस ठाण्यात हवालदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पायवाटेपासून सुरुवात केली तिने, एकही गोष्ट पुढेमागे न करता. मग त्याने विचारलं, "ज्या बैठकीत नारळाचं ठरलं, तिला कोण कोण हजर होतं? पहिल्या बैठकीला आणि नंतरच्याही. नावं सांगा." ती एकेक नाव सांगत गेली, कोण कोणत्या खांबापाशी बसला होता यासकट. तिसऱ्या खांबापाशी आली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलाकडे पाहिलं.

"हे पन व्हते," ती म्हणाली. "विडा घेतला व्हता."

हवालदाराने पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सरपंच ना? तुम्ही यांच्याबरोबर आलात की त्यांच्यातले?"

जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली. भाऊ खाली मान घालून बसला होता. भावजय वाट बघत होती. तिने रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण ती नुसती वाट बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "मी पण बसलो होतो. लिहा."

त्याने माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ते बरोबर लिहिलंय ना, हे भावजयीने वाकून बघितलं.